ओठ न हलवता

शाहपूर, १४ ऑक्टोबर १९५७

गजानन,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते पत्राच्या शेवटी देईन. आधी भांडायचं आहे. तुझ्याशी नाही, तुझ्या दफ्तराशी. नागपूरचं शिक्षण खातं फुटलं, नवा मध्यप्रदेश झाला आणि तू टेबलासकट भोपाळला गेलास, तेव्हा मामी, तुझ्या आई, रडल्या होत्या. मी म्हटलं होतं, रडू नका, आपला एक माणूस तिथं असलेला बरा. तर आता त्या माणसानं कामाला लागावं.

गेल्या महिन्यात आमच्या मुलींच्या शाळेत शाळा तपासणारे नवे डिप्टी साहेब आले. सोबत सीलबंद पाकीट. दिल्लीनं म्हणे साऱ्या देशासाठी एक तक्ता केला आहे, कोणत्या इयत्तेला भाषा किती यावी आणि गणित किती यावं याचा. आणि आपल्या राज्यातल्या शाळा त्या तक्त्याला कितपत पुरतात ते मोजायचं आहे. मोजा ना. मी मोजमापाला भीत नाही. चौथीच्या तेवीस मुली ओळीनं बसवल्या. साहेबांनी पाकीट फोडून पहिलीच सूचना वाचली, "उत्तरे ओठ न हलवता सोडवावीत."

तू बहादरपूरच्या ओट्यावर माझ्यापुढं बसून पाढे शिकलास, तुला काय सांगायचं? पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी, हे पाव-अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे पाढे आपण रोज दिवेलागणीला एका सुरात म्हटले, तेव्हा कुठं अंगात मुरले. आपल्या मुलीचा पाढा डोक्यात नसतो, जिभेवर असतो. हिशेब करताना तिचे ओठ हलणारच. साहेब ओळींतून फिरले आणि ज्या मुलीचे ओठ हलले तिच्या कागदावर तांबडी फुली मारत गेले, जणू ती नक्कल करत होती. नवव्या फुलीनंतर बाकीच्यांनी खालचा ओठ दातांत धरला. दगा नावाच्या मजुराच्या मालतीच्या ओठातून रक्त आलं. अशात कोणाला गणित सुचेल?

भाषेच्या पेपरात प्रश्न होता, "तुमच्या घराजवळील उद्यानाचे वर्णन करा." शाहपुरात उद्यान! मालतीनं विचार केला की उद्यान म्हणजे बाग, आणि बाग म्हणजे केळीची. तिचा बाप घड कापायला जातो, तिनं सगळं पाहिलेलं. तिनं लिहिलं, "आमच्या उद्यानातील डाग धुतल्याने जात नाही. फळ आले की झाड तोडतात. शेजारी त्याचे पिल्लू उभे असते." मला तर वाचताना भरून आलं. तपासणाऱ्यानं खाली लिहिलं, "विसंगत", आणि दिलं शून्य.

परवा निकाल आला. "भाषा: राष्ट्रीय पातळीपेक्षा कमी. गणित: पुष्कळच कमी." याचा अर्थ तुला ठाऊक असेल. येत्या जुलैपासून इथं मराठी पाचवी उघडायची मंजुरी तोंडावर आली होती, ती आता अडकणार. बुऱ्हाणपूरला रोज एवढ्या लांब कोणीही मुलगी पाठवणार नाही. चौथी झाली की घरी, आणि मालतीच्या बाबतीत तर धूलकोटचे पाहुणे येऊन बसलेच आहेत. दहा वर्षांची पोर आहे रे ती.

हा ओठांचा नियम कोणी काढला, त्याचं नाव मला पाहिजे. आणि तपासणाऱ्याचंही.

आता घे आशीर्वाद.

तुझी कोकिळाअक्का

*

भोपाळ, २७ ऑक्टोबर १९५७

अक्का,

तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी आलं. आधी पाया पडलो, मग उघडलं, आणि वाचून पुन्हा पाया पडावंसं वाटलं, इतकी भीती वाटली.

रागावू नकोस, पण इथली बाजूही समजून घे. आमच्या खोलीत एका टेबलाशी चार प्रांतांची चार माणसं बसतात. एक ग्वाल्हेरचे, एक रीव्याचे, एक इथलेच आणि मी नागपूरहून आलेला. चौघांची चार पाठ्यपुस्तकं. एकाकडे तिसरीत भागाकार, दुसऱ्याकडे चौथीत. यातून एक राज्य करायचं तर कुठंतरी एक पट्टी लावावीच लागते, आणि दिल्लीचा तक्ता ही तयार पट्टी आहे. ती बुऱ्हाणपूरसाठी वेगळी होणार नाही. तक्त्याची नक्कल सोबत पाठवतो.

ओठांचा नियम वरून आला असावा. नावं सांगायची आम्हांला परवानगी नसते.

माझं ऐक. जानेवारीत फेरतपासणी होईल. तोवर मुलींना रीत मांडून गणित करायला शिकव, गप्प बसायला शिकव, आणि दशांश तेवढे करून घे. भांडण करू नकोस. अहवाल मार्चमध्ये जातो आणि ज्या शाळेपुढं "कमी" लिहिलेलं असेल तिला नवा वर्ग मिळत नाही. माझंही सांगतो, आमची नोकऱ्यांची ज्येष्ठता यादी अजून लागलेली नाही. चारी प्रांतांची माणसं एका यादीत बसवायची आहेत. अशा वेळी कोणाच्या नजरेत येणं बरं नाही.

तुझी भावजय नमस्कार सांगते. इथं अजून घर मिळालेलं नाही, बराकीतच आहोत.

गजानन

*

शाहपूर, १० नोव्हेंबर १९५७

गजानन,

नजरेत येणं बरं नाही म्हणतोस! लहानपणी औटकी चुकलास की खांबाआड लपायचास, त्याची आठवण झाली.

तुझा तक्ता मी शाळेच्या जमिनीवर पसरला आणि शेजारी आमची चौथी मांडली. तुमच्या दफ्तरात चार माणसं जे करताहेत ते मी एकटीनं दोन दुपारींत केलं. ऐक.

दिल्ली म्हणते, चौथीच्या मुलीनं मिनिटाला ऐंशी शब्द वाचावेत. मी घड्याळ लावून तेवीसही जणींना वाचायला बसवलं. पंधराजणी ऐंशीच्या पुढं गेल्या. पाचजणी साठाच्या आसपास. तिघी चाळिसावर अडल्या, आणि त्या तिघी कापूस वेचायला निम्मं वर्ष शेतात असतात, हे तुमच्या तक्त्यात कुठं भरायचं ते मला कळलं नाही. दिल्ली म्हणते, स्वतःच्या दहा ओळी लिहाव्यात. आमच्या मुली लिहितात, फक्त त्यांना त्यांनी पाहिलेलं विचारा. दिल्ली म्हणते पाढे वीसपर्यंत. आमचे तीसपर्यंत, वर पावकी ते औटकी. दिल्लीच्या तक्त्यात पाऊणकीचं नावच नाही! मग यात कोण कमी आणि कोण जास्त?

जिथं आम्ही मागं आहोत ते पण सांगते. रीत मांडत नाहीत. उत्तर लिहून मोकळ्या होतात. ते मी शिकवायला घेतलं आहे. दशांशाचं म्हणशील तर त्यात काय एवढं, पाव-अर्ध्यालाच नेसवलेलं नवं लुगडं. आठ दिवसांत करून घेतले.

आता माझं एक काम कर. खाली प्रश्न देते. तुझ्या टेबलाच्या चारही प्रांतांना विचार. कागद नाही, पेन्सिल नाही. ओठ मात्र खुशाल हलवा, मी फुली मारणार नाही.

सतरा पाऊणकी किती? एकोणतीस अडीचकी किती? आणि एका घडाला नऊ फण्या, फणीला चौदा केळी, तर साडेतीन घडांची केळी किती?

आमच्या मालतीनं तिन्ही उत्तरं मी पाणी पिऊन येईपर्यंत दिली. तुमच्या साहेबांना वेळ जास्त दे हवा तर.

अक्का

*

शाहपूर, ५ जानेवारी १९५८ (कार्ड)

गजानन, दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. प्रश्न फार अवघड गेले की काय?

काल डिप्टी साहेब फेरतपासणीला आले. मी दारातच सांगितलं, माझ्या मुली ओठ हलवतील. ते म्हणाले, "बाईजी, नियम तो नियम है." मी म्हटलं, मग पाकीट फोडू नका. मुलींना तोंड शिवून बसवणार नाही मी. ते गेले. आज खंडव्याच्या जिल्हा कचेरीची नोटीस: मुख्याध्यापिकेने असहकार केला, आठ दिवसांत खुलासा द्यावा. खुलासा एका ओळीचा दिला आहे. "होय, केला."

अक्का

*

भोपाळ, १४ जानेवारी १९५८

अक्का,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवायचं तोंड मला नाही. तू खांबाचं लिहिलंस, ते वाचल्यापासून जे लिहायचं टाळत होतो ते आज लिहितो.

ओठांचा नियम मी काढला.

वरून काही आलं नव्हतं. मूळ पेपर हिंदीत होता, त्यात फक्त "शांतपणे सोडवा" असं होतं. मराठी शाळांसाठी पेपर करायला खोलीत मी एकटाच मराठी लिहिणारा होतो. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात रीव्याचे सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले होते की मराठी शाळांत पोरं बेडकांसारखी पाढे ओरडतात. सगळे हसले. अक्का, मीही हसलो. मग पेपर करताना वाटलं, आपल्या मुली तोंडानं पुटपुटताना कोणी पाहिल्या तर पुन्हा हसतील. तुम्हां सगळ्यांची लाज झाकावी म्हणून ती ओळ घातली. उद्यानाचा प्रश्न जसाच्या तसा उतरवला, एका दुपारीत, विचार न करता. आणि कागदही माझ्याकडंच आले. मालतीला शून्य मी दिलं.

तुझे प्रश्न मी दोन महिने खिशात ठेवले. परवा चहाच्या वेळी शेवटी विचारले. रीव्याच्यांनी पेन्सिल मागितली, इथल्यांनी हात वर केले. आमचे वरिष्ठ श्रीकांतराव, ग्वाल्हेरचे, घरात मराठी आणि दफ्तरात कधीच नाही असे. ते खिडकीकडं पाहत राहिले आणि एकोणतीस अडीचकीला मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. "साडेबाहत्तर," म्हणाले. मग माझ्याकडं पाहून हळूच म्हणाले, "आई म्हणून घ्यायची." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आता एक उपाय आहे. तेवीस मुलींचे जुने कागद अजून माझ्या कपाटात आहेत. गुण फिरवून "समकक्ष" लिहिणं माझ्या हातात आहे. कोणी विचारणार नाही. पाचवी मिळेल, मालती शाळेत राहील, तुझी नोटीसही विरून जाईल. तू फक्त हो म्हण.

गजानन

*

शाहपूर, २४ जानेवारी १९५८

गजानन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी तू समोर असतास तर तुझा कान पिळला असता. मुलींची लाज? कसली लाज रे? तेवीस मुली औटकी बिनचूक म्हणतात याची?

पण खरं सांगते, तुझ्या शेवटच्या ओळींवर मी दोन दिवस बसून होते. फार सोपं होतं हो म्हणणं. सोजरबाईला, म्हणजे मालतीच्या आईला, मी सगळं सांगितलं. तिला सांगायलाच हवं होतं, तिच्या मुलीचा प्रश्न होता. ती लगेच म्हणाली, "वाढवून घ्या ना बाई मार्क! तुमचं काय जाते? पोरीचं लगन तरी थांबीन." ती चुकीचं बोलली नाही. धूलकोटचे लोक फाल्गुनात उत्तर मागताहेत. मी म्हणणारही होते, बरं.

मालती दाराशी वही घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "मंग माझं उत्तर चुकेलच राहीन ना, बाई?"

मी म्हटलं, मार्क मिळतील ना तुला. ती म्हणाली, "मार्क भेटतीन. पण उत्तर?"

सोजरबाई तिच्यावर ओरडली. मी नाही ओरडू शकले. पोर बरोबर होती. तू गुण फिरवलेस की दफ्तरात इतकंच राहील की मुलींना येत नव्हतं आणि कोणा नातेवाइकानं पदरात घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा कोणी ओठ शिवायला येईल आणि मला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

तेव्हा नाही. माझी मुलगी कोणाच्या मेहेरबानीनं पाचवीत जाणार नाही. तू लिही. नियम मी घातला, प्रश्न मी बिघडवला, उत्तर बरोबर असून शून्य मी दिलं, असं लिही आणि खाली सही कर. आणि माग की चौथीची तपासणी पुन्हा व्हावी, ओठ मोकळे ठेवून, तुझ्या श्रीकांतरावांसमोर.

तुझी यादी मला ठाऊक आहे. तुझं नुकसान होईल हेही ठाऊक आहे. तरी सांगते आहे, कारण तुला पाढे शिकवले ते याच तोंडानं.

अक्का

*

भोपाळ, २ मार्च १९५८

अक्का,

लिहिलं. सही केली.

लिहून झाल्यावर पाच दिवस खिशात ठेवलं, हेही सांगून टाकतो. सहाव्या दिवशी श्रीकांतरावांच्या टेबलावर ठेवलं आणि पळालो नाही, तिथंच उभा राहिलो. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "ये वापस ले लो गजाननजी, अभी लिस्ट लगनी है." मी नाही म्हटलं. मग ते मराठीत बोलले. माझ्याशी दफ्तराच्या कामात पहिल्यांदाच. "मालतीचा कागद दाखवा." मी काढून दिला. वाचून त्यांनी तो आपल्या फायलीत ठेवला.

ज्येष्ठता यादी काल लागली. माझं नाव जिथं असायला हवं होतं त्याच्या अकरा जागा खाली आहे. सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला आहे. तुझी भावजय दोन दिवस बोलली नाही. काल म्हणाली, "अक्कांना कळवा, म्हणजे त्यांना वाईट वाटेल." मी कळवतो आहे, पण वाईट वाटून घेऊ नकोस. मला बऱ्याच महिन्यांनी झोप लागली.

तपासणी मंजूर आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात श्रीकांतराव स्वतः येतील. मला यायची मनाई आहे.

गजानन

*

शाहपूर, ७ एप्रिल १९५८

गजानन,

वाईट वाटलं. तुझ्या बायकोला सांग, तिचं म्हणणं खरं झालं.

आता तपासणीचं. सगळं जसं घडलं तसं सांगते, कारण तू लपवलं नाहीस तर मलाही लपवता येणार नाही.

श्रीकांतराव आले, डिप्टी साहेब मागं. त्यांनी मुलींना सांगितलं, "मोठ्यानं म्हटलं तरी चालेल." मग काय विचारतोस! खोली नुसती घुमत होती. अपूर्णांकांच्या हिशेबात तेवीसपैकी एकवीसजणींचं सगळं बरोबर, रीतीसकट. भाषेला त्यांनी विषय दिला, "घरात सगळ्यांत आधी कोण उठते?" अठरा मुली पातळीला पोचल्या. डिप्टी साहेबांना मराठी नीट कळत नाही, पण मालतीनं लिहिलेलं त्यांनी कोणाकडून तरी समजून घेतलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि मग दशांश आले.

प्रश्न होता, अडीच हे दशांशात लिहा. तेवीसपैकी वीस मुलींनी लिहिलं २.८. सव्वादोन लिहिलं २.४. पावणेतीन लिहिलं २.१२. श्रीकांतराव बुचकळ्यात पडले. वीस मुली एकच चूक करतात म्हणजे नक्कलच, असं डिप्टी साहेब म्हणाले. मी कागद हातात घेऊन पाहिले. तुझ्या लक्षात आलं असेल. सोळा आण्यांच्या रुपयात अर्धा म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार, पाऊण म्हणजे बारा. ते टिंब मुलींनी रुपया आणि आण्यांमधली रेघ समजून लिहिलं होतं. आणि हे त्यांना मी शिकवलं होतं! "नवं लुगडं" म्हणून मी तुला मिजाशीत लिहिलं ना, ते मला स्वतःलाच नेसता येत नव्हतं. ज्या तिघींनी २.५ लिहिलं, त्यांना कोणा भावानं घरी सांगितलं होतं.

गप्प बसले असते तर चूक मुलींच्या नावावर गेली असती. मी उभी राहिले आणि म्हटलं, ही नक्कल नाही, हे माझं शिकवणं आहे. मला दशांश येत नाहीत. अहवालात माझं नाव घाला, मुलींचं घालू नका. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच म्हणावं लागलं, आणि तेही माझ्याच मुलींसमोर.

श्रीकांतरावांनी लिहिलं, भाषा समकक्ष, गणित अंशतः कमी, कारण शिक्षिकेचे प्रशिक्षण. प्रामाणिक लिहिलं. मी हरकत घेतली नाही. पाचवीचं काय, ते वर ठरेल म्हणाले.

आता तू मला दशांश शिकव. पत्रातून. लाज वाटून घेऊ नकोस, मीही घेणार नाही.

अक्का

*

भोपाळ, १२ जून १९५८

अक्का,

सोबत दशांशाचा दहावा धडा आहे. गेल्या खेपेच्या तुझ्या उदाहरणांत एकच चूक होती, आणि ती घाईची. तू आता माझ्यापेक्षा बरी झालीस.

बातमी मात्र वाईट आहे. आदेश निघाला. ज्या शाळा दोन्ही विषयांत पातळीला आहेत त्यांनाच या वर्षी नवा वर्ग. "अंशतः" चालत नाही. श्रीकांतरावांनी शाहपूरसाठी वेगळी टिपणी लिहिली होती, ती "पुढील वर्षी विचार व्हावा" म्हणून परत आली. पुढील वर्ष म्हणजे मालती बारा वर्षांची होईल. मी गुण फिरवले असते तर, हा विचार मनात येतो. तुझ्याही येत असेल.

नव्या पाचवीची भाषा आणि गणिताची पुस्तकं, एकेक प्रत, माझ्या पैशानं घेऊन पार्सल केली आहेत. मंजुरी नसताना त्यांचं काय करशील ते मला माहीत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत येतो.

गजानन

*

शाहपूर, ८ जुलै १९५८

गजानन,

तो विचार माझ्याही मनात आला. पंधरा दिवस आला. सोजरबाई रस्त्यात दिसली की मी मान खाली घालून जात होते, कारण तिच्या मुलीचा घास मी माझ्या हट्टानं घालवला असं वाटायचं. ते वाटणं अजून सगळं गेलेलं नाही. पण आता पुढचं ऐक.

पहिल्या जुलैला शाळा उघडली. मी कोणालाच काही बोलावणं धाडलं नव्हतं. आदेश गावात सर्वांना ठाऊक होता. मी नव्या चौथीची हजेरी घेत होते, तर बाहेर पडवीत गोणपाटं पसरल्याचा आवाज. जाऊन पाहते तर गेल्या वर्षीच्या मुली. सगळ्यांच्या पुढं सोजरबाई मालतीचा हात धरून. मला म्हणाली, "धूलकोटवाल्यांना सांगून देलं, पोरगी पाचवीत हाये. आता तुम्ही मला खोटी पाडू नका." रडू आलं, ते दाबलं नाही.

तेव्हापासून चौथी आत, पाचवी पडवीत. मी उंबऱ्यात उभी राहून दोन्हीकडं शिकवते. तुझी एकेक प्रत मुलींनी वाटून हातानं उतरवून घेतली. रोज पहिला तास दशांश, कारण तिथं आम्ही कमी आहोत आणि ते आम्हांला ठाऊक आहे. मोठ्यानं म्हणतो. पगार नाही, हजेरीपट नाही, फळ्याचा अर्धा तुकडा आहे. खंडव्याची नोटीस येईल, येऊ दे. खुलासा कसा लिहायचा ते मला आता जमतं.

काल डिप्टी साहेब आले. पडवीत थांबले. "ये कौन-सी क्लास है?" मुली एकदम म्हणाल्या, "पाचवी." साहेब म्हणाले, "शाहपुर में पाँचवीं है ही नहीं. मंजूरी नहीं है."

मालती उठली. हिंदी तिला येते, पण बोलली मराठीतच. "मंग आम्ही कशात बसेल आहोत, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. गोणपाटांमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग आत जाऊन त्यांनी शेऱ्याची वही मागितली, लिहिलं आणि गेले. मी लगेच उघडून पाहिलं. त्यांनी हिंदीत लिहिलं होतं ते शब्दाला शब्द मराठीत उतरवते:

"इयत्ता पाचवी. मंजूर नाही. हजर मुली एकोणीस."

अक्का